अर्थिंगची दुसरी तार

नरसय्याचे चार माग आणि महानंदाचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही नावालाच. सकाळी माग सुरू झाले की फळीवरचे डबे थरथरायला लागत, ते मध्यरात्री दुसरी पाळी सुटेपर्यंत थरथरत राहत. साखर पेठेतल्या त्या बोळात सगळेच ओरडून बोलत. महानंदा लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं, सासूबाई आपल्यावर चिडल्या आहेत. मग कळलं, त्या चहा घेणार का म्हणून विचारत होत्या.

तिचा मुलगा शिवयोगी, घरातला शिवू, आता बसायला लागला होता. एवढ्या खडखडाटात तो पाळण्यात गाढ झोपायचा. "गुणाचं लेकरू हाय," असं शेजारणी म्हणायच्या, आणि महानंदाला नेमकं तेच खुपायचं. ती मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. या वयाचं बाळ आवाज येईल तिकडे मान वळवतं, हे तिनं परीक्षेत लिहून वर मार्क मिळवले होते. शिवू मान वळवत नव्हता. तिनं त्याच्या पाठीमागून टाळ्या वाजवून पाहिल्या, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. शेवटी स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. ताट बराच वेळ गरगरत राहिलं. शिवूनं पायाचा अंगठा तोंडात घातला.

"काय पडलं गंऽ?" सासूबाई, गुरम्मा, स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"ताट, अव्वा. हातातून सुटलं."

"रोज सुटतंय की! हातात जोर न्हाय का काय?"

मग त्या बाहेर आल्या, नातवाकडे बघून समाधानानं म्हणाल्या, "आमच्या दिराचा मायाप्पा बी असाच. लई गप. रडणं म्हणून ठाऊक न्हाय."

मायाप्पा आता बाप्या झाला होता, अक्कलकोटकडे शेती बघायचा. त्याला ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. गुरम्मांनी कौतुकच केलं होतं. महानंदाला त्या दिवशी भाकरी गेली नाही.

शिवू रडायचा तो आठवड्यातून एकदा, मागांच्या सुट्टीला. त्या दिवशी मात्र सकाळपासून तो घर डोक्यावर घ्यायचा. गुरम्मांनी याचं कारण केव्हाच शोधलं होतं. सुट्टी असली की नरसय्याची बायको येऊन त्याला मांडीवर घ्यायची. तिची दृष्ट लागायची. मीठ-मोहऱ्या उतरवून व्हायच्या, चुलीत टाकून व्हायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवू गप. गुरम्मा म्हणायच्या, "बघ. उतरली."

महानंदानं यातलं काही नवऱ्याच्या कानावर घातलं नव्हतं. बोललं की ते खरं होईल, असं बी.ए. झालेल्या बाईला वाटू नये. पण वाटत होतं. शिवाय नवऱ्याला वेळ कुठे होता? पंचाक्षरी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होता आणि घरी आला की अँप्लिफायर करत बसायचा. दिवाळीपासून चाललं होतं. ट्रान्झिस्टर मुंबईहून मागवले. ट्रान्सफॉर्मरला तांब्याची तार त्यानं हातानं गुंडाळली. वेढे मोजताना कोणी हाक मारली तर तो बोट वर करायचा, आणि सगळ्या घरानं थांबायचं. ट्रान्झिस्टर तापतात, त्यांना थंड ठेवायला जाड पत्रा लागतो, म्हणून गुरम्मांची अॅल्युमिनियमची परात कापली गेली. स्पीकरच्या खोक्यात आवाज घुमू नये म्हणून आतून फाटकी चादर ठोकली आणि नरसय्याकडचं टाकाऊ सूत भरलं.

"माझी परात गात असंल तर बघती," गुरम्मा म्हणाल्या.

"गाईल, अव्वा."

"भाकरी कशात थापू मग?"

त्यानं बोट वर केलं आणि पुन्हा वेढे मोजायला लागला.

"अहो, एवढा मोठा आवाज कशाला हवाय आपल्याला?" महानंदानं एकदा विचारलं. "दोन खोल्या तर आहेत."

"मोठा नको. स्वच्छ पाहिजे," तो वर न बघता म्हणाला. "ऐकू यावं."

पहिल्यांदा चालू करून बघायचं ठरलं, त्या दिवशी पंचाक्षरीनं रजा टाकली. भिंतीपलीकडे माग चालू होते. त्यानं रेकॉर्ड प्लेअरवर सनईची रेकॉर्ड ठेवली आणि स्पीकर पाळण्याच्या समोर आणून लावला. मग बटण फिरवलं.

सनई मागांच्या वर गेली. फळीवरचा डबा खाली आला. बोळातली कुत्री उठून गेली. नरसय्या बनियनवर धावत आला आणि दारातून ओरडला, "लग्न कुणाचं हो?"

"कुणाचं नाही! टेस्टिंग!"

"चालू द्या! आवाज बराय!"

महानंदा शिवूकडे बघत होती. शिवू आपल्या लाळेऱ्याची नाडी चघळत होता. पंचाक्षरीनं बटण आणखी फिरवलं. शिवूनं नाडी या गालातून त्या गालात घेतली. तेव्हा महानंदानं मान वर केली, तर पंचाक्षरीही अँप्लिफायरकडे बघत नव्हता. तोही शिवूकडेच बघत होता.

स्पीकर पाळण्यासमोर का आणला, ते तिला तेव्हा कळलं. दिवाळीपासून का चाललं होतं, तेही.

त्यानं बटण बंद केलं. "बास करू," म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

चहा करायला म्हणून ती आत गेली आणि चहा न करताच परत आली. पुण्याला चांगला डॉक्टर आहे, असं काहीसं दोघं एकदमच बोलले. पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं.

मधे मागांची सुट्टी आली. बोळ गप्प झाला आणि शिवूनं सूर लावला. गुरम्मा मीठ-मोहऱ्या शोधायला उठल्या. पंचाक्षरी अँप्लिफायर उघडून बसला होता, कारण त्याला आवाजात बारीक गुणगुण असल्याचा संशय होता आणि ती ऐकायला आठवड्यात हा एकच दिवस मिळायचा. त्यानं रेकॉर्ड न लावता बटण फिरवलं. स्पीकरमधून एकसुरी, जाड गुणगुण यायला लागली.

"हमिंग आहे," तो खिन्न होऊन म्हणाला. "चांगलंच आहे."

शिवू रडायचा थांबला.

पंचाक्षरीचं लक्ष नव्हतं. तो तारा चाचपत मोरीपर्यंत गेला. अर्थिंगची एक तार अँप्लिफायरपासून मोरीतल्या नळाला बांधली होती. रेकॉर्ड प्लेअरपासून निघालेली दुसरी तारही त्यानं जास्त सुरक्षित म्हणून त्याच नळाला बांधली होती. त्यानं दुसरी तार सोडली. गुणगुण गेली.

"गेलं!" तो मोरीतून ओरडला. "अगं, गेलं बघ! एकच अर्थिंग पाहिजे होतं!"

शिवूनं तोंड वाकडं केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"परत लावा," महानंदा म्हणाली.

"काय?"

"ती तार. परत लावा नळाला."

"अगं, त्यानं हमिंग येतंय."

"तेच पाहिजे. लावा!"

माग बंद असताना घरात कोणी इतक्या मोठ्यानं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्यानं तार लावली. शिवू गप्प. काढली, शिवू सुरू. गुरम्मा मुठीत मोहऱ्या घेऊन उभ्या राहिल्या, त्यांना ओवाळायला मधे जागाच मिळेना.

पण महानंदाची खात्री पटत नव्हती. फरशी थरथरली असेल, पाळण्याला हादरा बसला असेल. तिनं स्पीकर आतल्या खोलीत नेऊन गादीवर ठेवायला लावला, दार लोटलं आणि रडत्या शिवूला दाराकडे पाठ करून मांडीवर घेतलं.

"लावा!"

आत गुणगुण सुरू झाली. शिवूचा हुंदका अर्ध्यावर राहिला. त्यानं मान वळवली, पुस्तकात लिहिली होती तशी, आणि दाराकडे बघत राहिला.

तो जन्मला तेव्हापासून त्याच्या कानात माग होते. टाळ्या, ताट, सनई, सगळं त्या खडखडाटातलंच. त्यात मान वळवण्यासारखं त्याला काही वाटलं नसावं. आणि सुट्टीला सगळं जगच बंद पडायचं, त्याला तो घाबरत होता.

पंचाक्षरी मोरीच्या दारात तारेचं टोक धरून उभा होता.

"शिवू," महानंदानं हाक मारली. ओरडली नाही. या घरात आल्यापासून इतक्या हळू ती कुणाशी बोलली नव्हती. शिवू दाराकडून तिच्याकडे वळला आणि तिच्या नाकाला हात लावला. तिला रडू आलं. ते बघून शिवू हसला.

"काय झालं गं?" गुरम्मांनी विचारलं.

"काही नाही, अव्वा. ऐकू येतंय त्याला."

"मग? न येयाला काय झालंय?" गुरम्मा मोहऱ्या डब्यात परत ओतत म्हणाल्या. मग त्यांनी आतल्या खोलीकडे कान दिला. "माझी परात एवढंच गाती व्हय रे?"

"सध्या एवढंच, अव्वा."

संध्याकाळी पंचाक्षरीनं त्या दुसऱ्या तारेच्या मधे एक छोटं बटण बसवलं. पुढे टेलिफोन खात्यातले लोक कौतुकानं ऐकायला येत. एखादा शहाणा कान टवकारून म्हणे, "पंचाक्षरी, हमिंग येतंय की रे."

"सुट्टी आहे आज मागांना," पंचाक्षरी म्हणे, आणि बटण तसंच राहू देई.

पुण्याला मात्र ते गेलेच. महानंदाचं म्हणणं होतं, डॉक्टरानं सांगितलं म्हणजे बरं.