हौदावरचे साठ ससे

मी सोळा वर्षांची आहे आणि आमच्या एवढ्या मोठ्या रानात माझ्यापेक्षा लहान असं मल्गा बाभळीचं एकही झाड नाही. म्हातारी झाडं वाळून पडतात. कधी चांगला पाऊस झालाच तर रोपं उगवतात आणि बोटभर झाली की ससे ती कुरतडून टाकतात. या वर्षी खूप पाऊस झाला, ढिगानं रोपं आली. ती वाचवायची तर सशांची बिळं बुलडोझरनं उखडायला हवीत. पण बुलडोझर अख्ख्या तालुक्यात एकच, आणि या हिवाळ्यात तो एकाच रानात जाणार होता. जिथे ससे जास्त, तिथे.

ससे मोजायला तालुक्याकडून हेल्गा आली होती. आठवडाभर तिने हौदाजवळ पिंजरे लावले, आत गाजरं ठेवली, सापडलेल्या सशाच्या कानाला पिवळा बिल्ला लावून त्याला सोडून दिलं. चोपन्न बिल्ले झाले. शेवटच्या दिवशी चाळीस ससे सापडले, त्यातल्या छत्तीसांच्या कानाला बिल्ला आधीच होता.

"साठ," हेल्गाने वहीतून डोकं वर काढलं. "दहातल्या नऊंना बिल्ला आहे, म्हणजे साधारण साठ ससे आहेत तुमच्याकडे."

"साठ!" बाबा चहाचा मग घेऊन तसेच उभे राहिले. "अगं, साठ तर माझ्या आजीने कालवणात घातले असतील!"

"आकडा आवडला नाही म्हणून तो बदलता येत नाही, कॉलम," ती बाबांना म्हणाली. " उद्या दुपारी कळवायचा आहे मला."

साठ सशांसाठी बुलडोझर काही आमच्याकडे येणार नव्हता.

मी पिंजऱ्यांकडे गेले. सतरा नंबरच्या बिल्ल्याचा जाड्या ससा आत बसून गाजर खात होता. सलग सातव्या दिवशी! दार उघडलं तरी स्वारी हलेना. मला हसू आलं, आणि हसता हसता एकदम लक्षात आलं. शाळेतली मुलं मोजायची म्हणून आपण खाऊच्या खिडकीशी उभे राहिलो, तर रोज तेच खादाड येणार की!

मी धावतच परत गेले. "पिंजरे हौदाशी लावायला कोणी सांगितलं?"

"मी," बाबा म्हणाले. "मग कुठे लावणार? आपण सगळं हौदावरच मोजतो. मेंढ्या, कांगारू, इमू."

"कोरड्या वर्षी, बाबा! आता टेकडीवर हिरवागार पाला आहे. तिकडच्या सशांना ना पाणी हवं, ना हेल्गाचं सुकलेलं गाजर!"

हेल्गाने पेन्सिल खाली ठेवली. "मी विचारायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दाताळं आहे का गं?"

दिवस मावळायच्या आत आम्ही टेकडीवरच्या चाळीस बिळांच्या तोंडाशी वाळू पसरून दाताळ्याने सारखी केली. सकाळी वारा सुटला की ठसे पुसले जातात, म्हणून पहाटेच निघालो. बाबाही आले. "बाईसाहेबांचं संशोधन बघायला," म्हणाले.

चढ संपायच्या जरा आधी हेल्गाने हात वर केला. आम्ही तिघेही पालथे पडलो आणि मी दगडावरून डोकं काढलं.

टेकडी हलत होती.

आधी मला वाटलं, डोळ्यांत झोप आहे. मग पूर्वेकडून ऊन आलं आणि कान पेटले. शेकडो कान! ऊन त्यांच्या आरपार जाऊन गुलाबी झालं होतं, आतल्या बारीक शिरासुद्धा दिसत होत्या. कोणी चरत होतं, कोणी मागच्या पायांवर उभं, पिल्लं एकमेकांवरून उड्या मारत होती. एवढे जीव, आणि आवाज कसलाच नाही. आपण जन्मापासून या टेकडीखाली राहतो आणि आपल्याला पत्ताच नाही!

"बिल्ला?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

हेल्गाने दुर्बीण सावकाश इकडून तिकडे फिरवली. मग परत फिरवली. "एकही नाही."

ती उठली तशी सगळी टेकडी एका क्षणात रिकामी झाली, कोणी चादर ओढून घ्यावी तशी. वाळूवर बोट टेकायला जागा नव्हती. चाळीसपैकी अडतीस बिळांवर ठसेच ठसे.

"किती असतील?" बाबा.

"खरं सांगू? माहीत नाही. पण साठ हे हौदावरच्या लोचटांचं कुटुंब आहे, एवढं नक्की," असं म्हणत हेल्गाने फोन काढला. "बुलडोझर इकडे पाठवा," ती कोणालातरी सांगू लागली. "हो, टेकडी आधी."

बाबांनी माझ्या पाठीत जोरात थाप मारली. मला नाचावंसं वाटत होतं, आणि नाचता येत नव्हतं. ते पेटलेले कान अजून डोळ्यांसमोर होते.

"चला, न्याहारी!" बाबा उतरू लागले.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं आणि दगडामागे पुन्हा पालथी पडले. ससे परत बाहेर येईपर्यंत मी हलणार नव्हते.