हिरड्यांचा रंग

साहेब पाण्याच्या भांड्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतच मागचे पाय दुमडून बसला. मग मान टाकून आडवा झाला.

काकूंच्या हातातली जपमाळ थांबली. जपाला बसल्या की तो पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा लग्नानंतर लगेच घेतलेला नेम. धाकटीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा त्यांनी माळ संपवूनच नवऱ्याला हाक मारली होती, आणि मास्तर ती गोष्ट अजून गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून सांगत.

आताही त्यांनी हाक मारली नाही. भिंतीवर जोरात थाप मारली. पलीकडच्या खोलीतलं शिलाईयंत्र थांबलं आणि मास्तर गळ्यातल्या टेपासकट आत आले.

"काय हो साहेब, सकाळी सकाळी लोळण?"

दुकानात गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर हा कुत्रा कोणालाही न जुमानता बसायचा, म्हणून त्याचं नाव साहेब. मास्तरांनी चेष्टा केली की त्याचं शेपूट हलायचं. आज ते हललं नाही. मास्तरांचा आवाजच उतरला.

"अगं, हा उठत नाहीये."

त्यांनी कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून तो जमिनीवर ठेवला. डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट मास्तरांनीच शिवलेला, त्यामुळे ओळखीचा नंबर बघून त्यांनी फोन लगेच उचलला.

"ओठ वर करा आणि हिरड्या बघा. गुलाबी आहेत की पांढऱ्या?"

मास्तरांनी ओठ वर केला. काकूंनी वाकून पाहिलं. हिरड्यांत रंग म्हणून नव्हता. बोट दाबून सोडलं तरी तिथे लाली परत येत नव्हती.

मास्तरांना मात्र ते दिसणार नव्हतं. फिकट गुलाबी, राखाडी, पांढरा हे सगळे त्यांना एकाच घरचे वाटत. ही गोष्ट या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. कापडाशी जुळणारं रीळ काकू काढून यंत्राशेजारी ठेवत आणि मास्तर शिवत. काय जोडी आहे, असं लोक म्हणत. शिंप्याला रंग दिसत नाहीत हे कळल्यावर कोणी कापड टाकलं असतं?

गिऱ्हाइकाला उत्तर देताना अडखळायचं नाही, ही मास्तरांची जुनी सवय. रंगाचं विचारलं की ते जास्तच ठामपणे बोलत.

"गुलाबी आहेत," ते म्हणाले.

"मग घाबरू नका. वय झालंय, भोवळ आली असेल. संध्याकाळी घेऊन या, बघू."

तेवढ्यात साहेबानं डोळे उघडले. मान उचलली, पुढचे पाय रोवले आणि डुलत डुलत उभा राहिला. भांड्यात तोंड घालून लपलप पाणी प्यायला लागला.

"उठला की!" मास्तर हसले. "नाटकी लेकाचा. ठेवतो हं डॉक्टर."

काकूंनी साहेबाच्या कानाला हात लावला. कान गार होता. पाठीचं हाड बोटांना टोचलं, आणि पोट मात्र खालून तट्ट लागलं. मास्तर फोन बंद करायला वाकले.

"पांढऱ्या आहेत," काकू म्हणाल्या.

सकाळपासून न वापरलेला आवाज. तो खरखरीत निघाला. मास्तरांनी आधी माळेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कोण, काकू? मास्तर तर गुलाबी म्हणाले."

"त्यांनी चष्मा लावला नव्हता."

चष्मा मास्तरांच्या नाकावर होता. काकूंनी नजर वळवली.

"आत्ताच्या आत्ता या," फोनमधला आवाज बदलला होता. "चालवू नका, उचलून आणा."

दवाखान्यात पोहोचेपर्यंत साहेब इतका हुशारीत आला की त्यानं टेबलावरून खाली उडी मारायचा बेत केला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हिरड्या पाहिल्या. त्या आता फिकट पण गुलाबी होत्या. तरीही त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली. मग पोटात बारीक सुई घातली आणि सिरिंज भरून दाखवली. आत रक्त होतं.

"प्लीहेवर, म्हणजे पाणथरीवर, गाठ आहे. ती फुटते, पोटात रक्त सांडतं, कुत्रं कोसळतं. रक्त थांबलं की सांडलेलं हळूहळू अंगात परत जिरतं, आणि कुत्रं उठून जेवायला मागतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं. असं एकदोनदा होतं. मग एकदा ते उठत नाही." त्यांनी सिरिंज खाली ठेवली. "या आधी दुखत नाही, खुपत नाही, कळायला मार्गच नसतो. आत्ताच्या हिरड्या बघून मीसुद्धा भोवळच म्हटलं असतं."

"कसली गाठ?" मास्तरांनी विचारलं.

"रक्तवाहिन्यांचा कॅन्सर असावा. तपासणीशिवाय नक्की नाही सांगता येत, साधीही निघते कधीकधी. कॅन्सर असला तर प्लीहा काढूनही थोडेच महिने मिळतील. नाही काढली, तर आजच्या दिवसाचंही मी सांगू शकत नाही."

काकूंनी मान डोलावली. मास्तर म्हणाले, "करा."

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

"चष्मा लावला नव्हता म्हणे," मास्तर म्हणाले.

"मग काय सांगायचं होतं?"

"माझ्यामुळे तुझा नेम मोडला."

"साहेबामुळे मोडला. तुम्ही उगाच मोठेपणा घेऊ नका."

समोर मांडीवर मांजराची टोपली घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांचं कापड आठवडाभर मास्तरांकडे पडून होतं. शिवून झालं का, असं विचारण्यासाठी त्या संधी शोधत असाव्यात, पण दोघांची तोंडं पाहून थांबल्या होत्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस टोपीखाली घामानं चिकटले होते.

"निभावला. गाठ तपासायला पाठवते. बाकी कुठे पसरलेलं डोळ्यांना तरी दिसलं नाही. पण कॅन्सर निघाला तर रक्त दुसरीकडूनही सांडू शकतं, म्हणून आता घरी रोज सकाळी उठल्या उठल्या हिरड्या बघायच्या. पांढऱ्या दिसल्या तर वेळ घालवायचा नाही. आणि मास्तर, या वेळी चष्मा लावून हं."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"चष्म्याचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "मला रंग दिसत नाहीत. पहिल्यापासूनच."

डॉक्टरीणबाईंची नजर आपल्या कोटाच्या बाहीवरच्या शिलाईवर गेली.

"ते रीळ हिनं निवडलेलं. सगळीच ही निवडते."

मांजरवाल्या बाई मास्तरांकडे बघतच राहिल्या. मग काकूंना म्हणाल्या, "माझ्या कापडाला जरा गडदच धागा घ्या हं."

"घेते," काकू म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "हिरड्या मी बघत जाईन."

"आणि जप?" मास्तरांनी विचारलं.

"आधी साहेब. बघेन, तुम्हाला सांगेन, मग बसेन." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "देव थांबेल तेवढा. त्याला काही भोवळ येत नाही."