या वर्साला मला मारू नका

"अप्पा, या वर्साला मला मारू नका," असं म्हणून धर्माजी ओटीच्या पायरीवर टेकला.

अप्पा वैद्य पानाला चुना लावत होते. ते हसले. "अरे, तू मेला नाहीस तर खेळ संपायचा कसा?"

कर्जतच्या उत्सवातला हा खेळ म्हणजे नाटक आणि लाठीची मारामारी यांची खिचडी. गोष्ट अप्पांची, लाठी धर्माजीची. घाटात वाटमारी करणारा दरोडेखोर, त्याच्या मागावर निघालेला तरुण सरदार, वाटेत चार-दोन चकमकी आणि शेवटी दोघांची गाठ. दरोडेखोर मरायचा, चौघे जण त्याला फळीवर घालून लोकांमधून न्यायचे आणि टाळ्या पडायच्या. पोशीरचा धर्माजी भिवपुरीच्या वीजघरात हमाली करायचा आणि मिसरूड फुटल्यापासून दर वर्षी इथं मरायचा. सरदार बदलत, त्यांना घडवायचा मात्र धर्माजीच. त्याच्यासारखी लाठी तालुक्यात कोणाची नव्हती. पण सरदार व्हायला नुसती लाठी पुरत नाही, आळीही लागते. छप्पन साली धर्माजीच्या वस्तीनं बुद्धाला वंदन केलं, घरातले देव नदीत सोडले. अप्पांच्या गोष्टीतली त्याची जागा तेवढी बदलली नाही.

"आमची भीमाबाई खेळ बघायला येत नाय," धर्माजी म्हणाला. "नवऱ्याला फळीवर बघवत नाय म्हनते. एकदा तरी माज्या पायानं भायेर येऊ द्या. लोकांनी बघू द्या, धर्माजी चालत गेला."

अप्पा विचारात पडले. त्यांना दया आली असं कोणी समजू नये. आदल्या वर्षी पाहुणे म्हणून आलेले निवृत्त मामलेदार भाषणात बोलून गेले होते, की लाठी अव्वल, पण गोष्ट लंगडी. दरोडेखोर मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! ते अप्पांच्या जिव्हारी लागलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "यंदा दरोडेखोराला पश्चात्ताप होईल. लाठी टाकून हात जोडील. सरदार त्याला क्षमा करील."

धर्माजी घरी गेला तो पोरासारखा उड्या मारत. "औंदा तू यायचं गं," त्यानं भीमाबाईला बजावलं. "अगदी पुढं बसायचं."

सरदार होता अप्पांचा मुलगा मधू. जुन्या शेवटातल्या वाराची खूण धर्माजीनं आदल्या वर्षीच त्याच्या अंगात मुरवली होती. दरोडेखोर लाठी जमिनीवर दोनदा ठोकणार, लगेच डोक्यावर आडवी धरणार, आणि सरदारानं त्याच क्षणी जीव खाऊन वार घालायचा. "डोळ्यावर जाऊ नको, मधूदादा. गॅसबत्तीत डोळं फसवतात. कानानं खेळ. दोन ठोकं पडलं की हात सोडायचा, इचार नाय करायचा." मधूचा हात आपोआप सुटू लागला तेव्हाच धर्माजीचं समाधान झालं होतं.

नव्या शेवटाची तालीम अप्पांच्या सारवलेल्या अंगणात झाली. टाकलेली लाठी तिथं धप्प करून निपचित पडायची. उत्सवात मात्र यंदा प्रथमच लाकडी स्टेज उभं राहिलं. त्याचा कोणी विचार केला नाही, धर्माजीनंही नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं, पायऱ्या उतरताना मान ताठ ठेवायची.

भीमाबाई बायकांत पुढे बसली होती. लाठ्या कडकडल्या, लोक श्वास रोखून बघत राहिले. धर्माजी मध्येच थांबला. "चुकलो, सरदार. आता लढणार नाही." त्यानं लाठी टाकली आणि हात जोडले.

लाठी लाकडावर आपटली, उसळली आणि पुन्हा आपटली. ठक्. ठक्.

विचार करायचा नाही असं शिकवलेल्या हातानं विचार केला नाही.

"काय बेमालूम पडला रे!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या थांबेनात. चौघांनी सवयीनं फळी आणली. भीमाबाई किंचाळत उठली तर मागचे ओरडले, "ए बाई, खाली बस!" आणि रक्त फळीवरून ठिबकत असताना याही वर्षी पाहुणे आलेले मामलेदार अप्पांना म्हणाले, "शरण आलेल्यालाच मारलंत! यंदा गोष्टीतही दम आहे."

धर्माजी वाचला. वाचला म्हणायचं इतकंच. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. मधू एकदा दारात येऊन रडला आणि मुंबईला निघून गेला.

पुढच्या वर्षी जुनाच शेवट आला. नवा दरोडेखोर होता बाजारपेठेतला पोपट. तो अडून बसला. "जित्या माणसानं फळीवर निजू नये, आई नको म्हणते." तेव्हा अप्पा स्वतः पोशीरला आले.

"जित्या माणसानं फळीवर निजू नये म्हणून पोपट अडलाय. तो पडला की बत्ती झाकू आणि फळीवर धर्माजीला घेऊ. नाहीतरी तो पडूनच असतो. तेवढंच त्याला चारचौघांत येणं होईल."

भीमाबाईनं कोपऱ्यातली केरसुणी उचलली. "तुमचा पोपट तेवढा जिता आन् माजा नवरा का मेला? निगा हितनं!"

पण धर्माजी वाकड्या तोंडानं म्हणाला, "जाऊ दे गं मला." त्याला ते स्टेज हवंच होतं. माणसाची आस मोठी निर्लज्ज असते.

फळी लोकांमधून गेली, टाळ्या पडल्या. पडद्यामागे ती जमिनीवर ठेवून चौघे नमस्काराला स्टेजवर धावले. धर्माजीनं चांगल्या हातानं फळीवर दोनदा ठोकलं. कोणी आलं नाही. मग भीमाबाई आली. तिनं त्याच्या काखेत खांदा दिला, त्याला उभं केलं आणि मागच्या वाटेनं न जाता पुढच्या मांडवात आणलं. मेलेला पाय फरफटत होता. मान मात्र त्यानं ताठ ठेवली होती.

बत्त्या उतरवल्या जात होत्या. लोक त्याच्याकडे पाठ करून आपापल्या चपला शोधत होते.