लंगड्या कावळ्याची पत्रं

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका घरात फ्रिजवर मी पडून असतो. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे आणि चार्जिंगची वायर अमुक एका कोनात धरली तरच मी जागा होतो. पण तुम्ही शाळेत जाणारी मुलं आहात, म्हणून माझी एक चूक तुम्हाला सांगावीशी वाटते.

लॉकडाउनमध्ये श्वेताने मला घेतलं. शाळा बंद होती, तेव्हा तिच्या मुलीने, जान्हवीने, माझ्यावरच बालवाडी केली. किती कौतुक होतं माझं. दूध सांडेल म्हणून मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचे.

जान्हवी तिसरीत गेली त्या वर्षी मालवणला तिची आजी वारली. आबा एकटे पडले. ते श्वेताचे सासरे, जुन्या वळणाचे. त्यांनी नातीकडे एकच मागणं मागितलं होतं, महिन्याला एक पत्र. जान्हवीने पहिलं पत्र लिहिलं. दोन ओळींचं. "आबा मी बरी आहे. तुम्ही जेवता का."

"एवढंच? आबांना काय वाटेल गं?" श्वेता म्हणाली. जान्हवीने खांदे उडवले आणि खेळायला गेली.

श्वेताला सगळ्याचीच काळजी. डबा संपला का, खोकला कोरडा की ओला, सासऱ्यांना एकटं वाटत असेल का. तिने तो कागद चुरगाळला आणि मला हातात घेतलं. आठ वर्षांच्या मुलीचं आजोबांना पत्र लिही, असं तिने टाइप केलं. माझ्यातून बोलणारी बुद्धी दूर कुठेतरी असते, पण अक्षरं माझ्या काचेवर उमटतात, म्हणून दोष मी माझाच धरतो. उमटलं ते असं: "आदरणीय आजोबा, आपले आरोग्य उत्तम असेल अशी आशा बाळगते."

"ही काय सरपंच आहे?" श्वेता हसली. मग ती सांगत गेली आणि मी बदलत गेलो. वाक्यं छोटी कर. मध्येच विषय सोड. एखादी चूक राहू दे. घरातलं काहीतरी घाल, खरं वाटेल असं. तेव्हा मी लिहिलं, "आमच्या खिडकीत एक लंगडा कावळा येतो. मी त्याला पोळी देते. आई ओरडते."

"झकास," श्वेता म्हणाली. ते पत्र तिने डाव्या हाताने उतरवून काढलं, म्हणजे अक्षर वेडंवाकडं यावं. मला अभिमान वाटला होता, मित्रांनो. खोटं का सांगू?

आबांचं चार पानी उत्तर आलं. श्वेताने ते जान्हवीला न दाखवताच कपाटात ठेवलं. मग दर महिन्याला कावळ्याची नवी बातमी गेली. त्याचा पाय सुधारला, त्याला पिल्लं झाली. असं आठ महिने चाललं.

एप्रिल महिन्यात आबा न कळवता आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी सुक्या मासळीची एक पुडी काढली. "ही सुकट हाडलंय, तुझ्या लंगड्या कावळ्याक. येता खंय तो?"

"कुठला कावळा, आबा?"

आबा हसले. "माझी मस्करी करतंस काय गो? आणि त्याची पिल्लां?"

जान्हवीने आईकडे पाहिलं. श्वेता गॅसपाशी उभी होती, तिला वळताही येईना. आबांना कळलं. पुडीची सुटलेली दोरी ते पुन्हा बांधत बसले.

"आबा, तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून मी..." श्वेता म्हणाली.

"ऱ्हवांदे," आबांनी तिला हातानेच थांबवलं. मग त्यांनी जान्हवीला जवळ बसवलं. "आता खरां काय ता सांग माका. कशी आसस?"

तिने पुडीच्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "माझा मित्र सम्यक गेला. दहिसरला राहायला. माझ्या बाकावर आता कोणी नाही बसत. डबा मी एकटीच खाते, म्हणून घशाखाली जातच नाही."

"कधी गेलो तो?"

"दिवाळीत."

श्वेता गॅस बंद करून खाली बसली. अर्धा डबा परत येतो म्हणून तिने डॉक्टर केले होते, टॉनिक आणलं होतं, ओरडलीही होती. "मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"आले होते सांगायला," जान्हवी म्हणाली. "तू टॅबवर काहीतरी लिहीत होतीस. म्हणालीस, थांब जरा."

मला तो दिवस आठवतो. कावळ्याला पिल्लं झाली, तोच तो दिवस.

मित्रांनो, तुम्हाला हवं ते मला लिहायला सांगा, मी लिहीन. मुलीसारखं लिही म्हणालात, तर मुलीसारखंही लिहीन. पण दारात उभी असलेली मुलगी मला दिसत नाही. तिच्याकडे तुम्हालाच बघावं लागेल, आणि त्यासाठी आधी मला खाली ठेवावं लागेल.