निताच्या बोटांचं माप

कळमनुरीच्या आठवडी बाजारात हलीमा बांगड्या भरायची. हात हातात घेतला की माप कळायचं, विचारावं लागायचं नाही. पण त्या दिवशी तांड्यावरची निता आली आणि तिनं डावाच हात पुढं केला.

"उजवा दे की."

"न्हाई खाला, राहू दे."

हलीमानं पदराखालचा हात ओढूनच घेतला. उन्हाळ्यात स्टोव्ह भडकला तेव्हाचं भाजलेलं. जखम भरली होती, पण कातडी आवळत चालली होती आणि शेवटची तीन बोटं तळव्याकडं वळून राहिली होती.

"डॉक्टरनं काही दिलं न्हाई?"

"नांदेडला प्लॅस्टरची फळी दिली होती. घामानं खाज सुटती, एका हातानं बांधता येत न्हाई. निंदायला गेले की काढून ठेवते. मग ती घरीच राहिली."

निता गेली. हलीमाचं मन मात्र गिऱ्हाइकात लागेना. एका बाईच्या मनगटावर तिनं चार बांगड्या फोडल्या. बोटं रोज थोडी थोडी मिटत असणार, हेच डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दिराच्या, नासेरच्या दुकानातून पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा उचलला. उकळत्या पाण्यात टाकला की तो नरम पडतो, हे तिनं कैकदा पाहिलं होतं. निताला बोलावून घेतलं तर ती पातेल्याची वाफ बघून दारातच थबकली.

"माझ्या बोटाला गरम लावू नको, खाला."

"तुझ्या न्हाई लावत. तुझं करंगळीजवळचं बोट माझ्या करंगळीएवढंच हाय." हलीमानं आपल्या करंगळीला ओलं फडकं गुंडाळलं आणि उभ्या चिरलेल्या नरम पाइपची पन्हळ त्यावर दाबली. चटका बसला, तरी धरून ठेवली. थंड झाल्यावर कानशीनं कडा घासल्या, आत जुन्या लुगड्याचं मऊ कापड शिवलं. बांधायला नको म्हणून इलॅस्टिकचे दोन रुंद फास लावले. बोट नुसतं आत सरकवायचं.

पण ती घाईत होती. पन्हळ तिनं पार सरळ केली होती, आणि वळलेल्या बोटावर तीच चढवून निता घरी गेली.

दोन दिवस हलीमाला कुठं बसवेना. तिसऱ्या दिवशी बांगड्यांचं दुकान बंद ठेवून ती एस.टी.नं तांड्यावर गेली. निता अंगणात बसली होती, बोटावर मोठा फोड.

"काहून काढलं न्हाईस?" हलीमा ओरडलीच.

"तू केलं होतंस म्हणून."

हलीमाला नितापुढं रडायचं नव्हतं, म्हणून ती रणजीतला, निताच्या नवऱ्याला, पाणी तापवायला सांगत सुटली. पण फोड बसेपर्यंत थांबायचं ठरलं. मग पन्हळ पुन्हा नरम करून बोट जेवढं आपसूक उघडतं त्याहून किंचितच जास्त उघडी राहील अशी वाकवली, बस्स. बोटाचा शेंडा मोकळा ठेवला, म्हणजे काही उचलता येईल. तळाशी वारा जायला भोकं पाडली. दर बाजाराला निता यायची आणि हलीमा पन्हळ केसभर उघडायची. मधल्या बोटालाही तशीच केली. करंगळीची जागा इतकी नाजूक होती की तिला हात लावायला हलीमा महिनाभर धजली नाही.

सहा महिन्यांनी निता नांदेडला जाऊन आली.

"डॉक्टरांनी पन्हळ उलटीसुलटी करून बघितली. कोणी केली म्हणाले. मी म्हणलं, आमच्या चुडीवालीनं."

"बोटाचं काय म्हणाले ते सांग!"

"दोन सुटली. करंगळीचं ऑपरेशन करावं लागंल म्हणाले."

हलीमा खाली बसली. "मी भ्याले गं. तेव्हाच धरली असती तर..."

"तेव्हा धरली असती तर फोड आला असता." निता समोर बसली आणि हात पुढं केला. "ऑपरेशन तुरी निघाल्यावर. आधी हे बघ, मधल्या बोटाचं इलॅस्टिक ढिलं पडलंय. मला पाचची गाडी गाठायचीय."

हलीमानं डोळे पुसले आणि सुई शोधायला लागली. दोरा काही केल्या आत जाईना. शेवटी नितानंच तो ओवून दिला.