डबल कार्बोरेटर आणि खांद्याचं हाड

अण्णांनी गॅरेजची वाटणी फार सोपी करून टाकली होती. त्यांच्या गोल दिव्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन कायमचं बसलं होतं. दोघा मुलांनी मिळून तिच्यात पिकअपचं दुप्पट मोठं इंजिन चढवलं होतं आणि आता फक्त कार्बोरेटर बसवायचा राहिला होता. ज्याच्या पसंतीच्या कार्बोरेटरवर गाडी सुरू होईल, गॅरेज त्याचं. दुसऱ्याने मामाच्या दुकानात मोजे विकायचे. एवढं सांगून अण्णा स्टुलावर बसले आणि नखं कापू लागले.

धाकट्याने मामाच्या दुकानात एकदा आठवडा काढला होता. त्या आठवड्यात माणसांच्या पायांचं त्याला जे दर्शन घडलं, ते तो अजून बायकोलाही सांगू शकला नव्हता. त्यामुळे गॅरेज मिळालं नाही तर आपण संपलो, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

दादाने जुन्या इंजिनाचाच सिंगल कार्बोरेटर धुऊन-पुसून आणला. हाताखालचा आहे, पेट्रोल कमी पितो, वाटेत कुठेही उघडून साफ करता येतो, असं त्याचं म्हणणं. धाकट्याने भंगारवाल्याच्या हातापाया पडून डबल मिळवला होता, दोन नरड्यांचा. त्याच्या मते एवढ्या इंजिनाला सिंगल लावायचा म्हणजे पैलवानाच्या नाकात बोळे घालून त्याला पळवायचं. सपाटीवर पळेल, चढावर जीव सोडेल. चढावर जायचंय कुणाला, असं दादाने विचारलं. तुला नाहीच, तुला एका जागी उभं राहून मोजे विकायचेत, असं धाकटा म्हणाला.

इथे चर्चा संपली आणि पान्हा आला.

पान्हा धाकट्याच्या कानाचा थोडा भाग घेऊन पुढे गेला. धाकट्याने दादाची मान खाली दाबली आणि नाकावर गुडघा घातला. नाकातून असा आवाज आला की अण्णांनी मान वर करून आधी पेट्रोलची नळी तपासली. नळी शाबूत होती. ते पुन्हा नखांकडे वळले.

तोंडावरचं रक्त पुसताना दादाला सुचलं की डबलच फुटला तर सिंगलशिवाय पर्याय उरणार नाही. आणि फोडायचाच आहे, तर धाकट्यावर का फोडू नये? त्याने बाकावरचा डबल उचलला आणि डोक्याचा नेम धरून हाणला.

धाकटा वाकणारच होता. पण त्याच्या पाठीमागे लोखंडी ऐरण होती. ओतीव धातू लोखंडावर आदळला की तडकतो. माणसावर आदळला तर माणूस तडकतो, धातूला काही होत नाही. त्याने खांदा पुढे केला. खांद्याचं हाड कट्कन मोडलं. धाकट्याने खाली बसून आधी कार्बोरेटरची पाती हलवून पाहिली. सुरळीत हलत होती.

दादाने तो हिसकावून पुन्हा घातला. मांडीत, बरगडीत, पोटात. फरशी किंवा लोखंड जवळ दिसलं की धाकटा आपणहून मध्ये घुसत होता.

"मध्ये का येतोस रे, मूर्खा?" दादाने धापा टाकत विचारलं.

"तू नीट धर. पेट्रोलचा जेट वाकेल."

धडधाकट हाताला सिंगल लागताच धाकट्याने तो दादाच्या तोंडावर भिरकावला. दादा आयुष्यभर शहाण्यासारखा वागत आला होता. तो बाजूला झाला. सिंगल ऐरणीवर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

अण्णा उठले. त्यांनी तुकडे पायाने सरकवून पाहिले आणि डबल लावायला सांगितलं. गॅरेजचा रिवाज असा की जिंकलेल्याचा भाग हरलेल्याने बसवायचा. दादा मुकाट्याने बॉनेटमध्ये शिरला. नाकातलं रक्त गॅस्केटवर पडलं, की तो ते पुसायचा. पुन्हा पडलं, की पुन्हा पुसायचा. या घरात भावाचं हाड मोडलेलं चालायचं, नटाचे आटे खराब केलेले चालायचे नाहीत.

धाकट्याचा हात वर होईना, म्हणून चावीही दादानेच फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"गॅरेज तुझं," अण्णा धाकट्याला म्हणाले.

हे ऐकून दादाने पहिला गिअर टाकला. शटर बंद होतं. गाडी त्यातून गेली. जाताना तिने हत्यारांची ढकलगाडी, अण्णांचं स्टूल आणि अर्धी चौकट बरोबर नेली. बाहेर पडल्यावर ती मोज्यांच्या दुकानाच्या उलट दिशेला, टेकडीच्या रस्त्याला वळली.

अण्णांनी फोन काढला आणि पोलिसांना कळवू का, असं विचारलं.

धाकटा सरपटत भोकापाशी गेला आणि उरलेला कान त्याने रस्त्याकडे केला.

"थांबा जरा. चढ लागलाय."

गाडीने दुसरा गिअर घेतला, मग तिसरा. आवाज कुठे अडकला नाही, धाप लागली नाही, इंजिन गात वर गेलं. अंगभर दुखत असतानाही धाकट्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

"हं," तो म्हणाला. "करा आता."