बाईंच्या वर्गातली पहिली कॉपी

त्या नळीभर रक्तातून बाईंना फार काही कमवायचं नव्हतं. विहीणबाईंचं तोंड बंद व्हावं, एवढंच. लग्नाच्या बोलण्यांत "मुलगी गुणी आहे हो, पण आतड्याचं दुखणं म्हणजे जन्माचं" हे वाक्य विहीणबाईंनी चहात साखर ढवळता ढवळता टाकलं होतं. बाईंनी ते चार वर्षं जपून ठेवलं होतं. आता लेकीला सहावा महिना होता आणि परतफेडीची संधी आपल्या पायांनी चालत आली होती.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. एकतीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभ्या राहिल्या. मुलीच्या बाहीतली चिठ्ठी त्या नुसत्या तिच्या चालण्यावरून ओळखत. "माझ्या वर्गात कॉपी झाली नाही," हे त्या निवृत्तीनंतरही भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत.

दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. आतड्याला सूज येण्याचा आजार असलेल्या गरोदर बायकांचं रक्त तपासायचं होतं. "लोखंड गंजतं ना, तसं काहीसं पेशींचं होतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. ते थोपवायची शरीराची ताकद किती आहे ते मोजायचं, आणि बाळाच्या वाढीशी त्याचा संबंध आहे का ते पाहायचं." लेकीने हौसेने नाव दिलं. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, वरचं काहीही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि पोटात जाईल ते सगळं वहीत लिहायचं, अशा अटी होत्या.

बाईंनी त्यातलं "मोजायचं" तेवढं ऐकलं. पहिला आकडा आला, तो बेताचा.

"बेताचा? माझी लेक?"

"आई, ही परीक्षा नाहीये गं!"

पण दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी संत्र्याच्या रसाचा थर्मास घेऊन लेकीच्या सासरी हजर. रसात तो गंज थोपवणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून घातलेल्या. आधी दोन, मग चार, नमुना द्यायच्या आठवड्यात सहा. आंबटात आंबट खपून गेलं. लेकीने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: संत्र्याचा रस, एक पेला.

दुसरा आकडा असा आला की डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून परत वाचला. "सगळ्या गटात सर्वांत चांगला!"

विहीणबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. बाईंनी मान अशी वळवली की कानातले हलले.

"पण पोट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लेक ओशाळली. "नऊ दिवस झाले. दिवसातून सात-आठ वेळा पळावं लागतंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आकडा असा आणि पोट असं. दोन्ही एकाच बाईचं वाटत नाही. आजाराने उचल खाल्ली असणार. सहावा महिना आहे, वाट बघत बसता येणार नाही. आजच स्टिरॉइड सुरू करू."

हे वाक्य तर बाईंचंच होतं! "उत्तर असं आणि मुलगी अशी, दोन्ही जुळत नाही," असं म्हणून त्यांनी किती बाकं उलटी केली होती. गप्प राहिलं तर आकडा आपला, मान आपली. आणि लेकीच्या पोटात नको ते औषध.

त्या उठून उभ्या राहिल्या. "थांबा. कॉपी झालीय."

"कुणी केली?"

"पर्यवेक्षकांनी."

थर्मासची सगळी हकिगत त्यांनी सांगितली, गोळ्यांच्या संख्येसकट. लेक नुसती "आई!" म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढ्या गोळ्यांनी धडधाकट माणसाचंही पोट बिघडेल. रस बंद. शौचाची तपासणी करू, अहवाल येईपर्यंत स्टिरॉइड नको. हा नमुना मात्र बाद."

"बादच करा," बाई म्हणाल्या. "लाल शाईने."

आता विहीणबाईंची पाळी होती. बाईंनी मान ताठ ठेवूनच वाट पाहिली.

"अहो, मला वाटलं माझ्या हातचं बाधलं तिला," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "नऊ दिवस घरात सगळ्यांना उकडलेलं अळणी घालतेय मी."

अहवालात सूज निघाली नाही. पाचव्या दिवशी पोट ठिकाणावर आलं. तिसरा आकडा पुन्हा बेताचा. बाईंनी तो सगळ्या इमारतीत मिरवला. "बेताचा आहे, पण तिचा स्वतःचा आहे!" दिवस भरल्यावर नात झाली, रडण्यात खणखणीत. लेकीने आईच्या हातात तिला देताना म्हटलं, "धर गं. हिच्यासाठी स्वतःचा पेपर फाडलास तू."

हिशेब असा झाला. लेकीने नऊ दिवसांची पळापळ भरली, अभ्यासाने एक नमुना, विहीणबाईंनी नऊ दिवसांचं मीठ आणि बाईंनी एकतीस वर्षांचा कोरा लौकिक. एवढं भरूनही विहीणबाईंचं तोंड काही बंद झालं नाही, येईल त्या पाहुण्याला त्या अजून सांगतात, "आमच्या विहीणबाईंनी स्वतःलाच पकडलं! आहे कुणाची छाती?"